राखाडीला राखाडी राहू द्या

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

गेले दोन रविवार आपल्या पुरवणीत वाचकांनी रानात टिपलेल्या पक्षी-प्राण्यांची छायाचित्रे येत आहेत. हे पान सुरू केल्याबद्दल मनापासून आभार. दोन्ही अंक मी जपून ठेवले आहेत. एकूण २६ छायाचित्रे आहेत. त्यांत खंड्या तीन, पोपट दोन, शिवाय मोर, सुतार, हळद्या, वाघ, बिबट्या असे बरेच. राखाडी म्हणावेत असे जीव दोनच, एक राखी बगळा आणि एक मुंगूस. त्या दोघांचाही रंग चुकला आहे. बगळा आकाशी निळा झाला आहे आणि मुंगूस विटकरी. असा घोटाळा छायाचित्रकाराच्या संगणकावर होतो, तसाच छपाईतही होतो. दोन्हीकडची वाट मी चाललेला माणूस आहे, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण वाचावे ही विनंती.

मी ३१ वर्षे छापखान्यात काढली. आधी प्रोसेस कॅमेऱ्यावर, मग स्कॅनरवर, शेवटी संगणकावर रंग जुळवण्याच्या कामावर. निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला आणि गेली नऊ वर्षे पहाटे बाहेर पडतो आहे. छापखान्यात ज्या रंगाने सगळ्यांत जास्त छळले, तोच रंग आता मी रानात शोधत असतो.

पोपट जरा जास्त हिरवा छापला गेला तरी वाचकाला तो पोपटच दिसतो. राखाडीला एवढी सूट नसते. चार शाईंच्या छपाईत (चौथी काळी) राखाडी रंग सायन म्हणजे आकाशी निळी, मॅजेंटा म्हणजे किरमिजी आणि पिवळी या तिघींच्या तोलावर उभा असतो. तिन्ही सारख्या प्रमाणात घातल्या तर राखाडी येत नाही, तपकिरी झाक येते, कारण छपाईच्या शाया तेवढ्या शुद्ध नसतात. गुळगुळीत कागदावर मधला राखाडी हवा असेल तर सायन ५० टक्के आणि बाकीच्या दोघी ४०-४० च्या आसपास ठेवाव्या लागतात. मशीनवर मॅजेंटा किंचित वाढली की राखाडी गुलाबी होतो, सायन चढली की निळा. त्यात दैनिकाचा कागद शाई पितो आणि छपाईत रंग ज्या बारीक ठिपक्यांनी बनतो तो ठिपका फुगतो. मूळ ५० टक्के जागा व्यापणारा ठिपका कागदावर ७५ च्या घरात जाऊन बसतो. आमचे जुने मशीनमन रंगीत पान लागले की सगळ्यांत आधी त्यातली राखाडी जागा शोधायचे. सिमेंटची भिंत, डांबरी रस्ता, पांढऱ्या सदऱ्याच्या चुणीतली सावली. ती जागा जमली की चेहरे, झाडे, आकाश सगळे जमायचे. जमली नाही तर मशीन थांबवायचे. मला रंग बघायला त्या माणसांनी शिकवले.

रानात गेल्यावर कळले की राखाडी रंग निसर्गातही एका रीतीने होत नाही.

राखी बगळ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याच्यासमोर मी सर्वांत जास्त बसलो आहे. त्याच्या पाठीचा राखाडी रंग पिसांतल्या मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचा. ते दाट असते तर पाठ काळी झाली असती. विरळ आहे म्हणून राखाडी. पण त्या पिसांवर पिठासारखी एक भुकटीही असते. बगळ्याच्या अंगावर काही खास पिसे असतात, ती सतत वाढत राहतात आणि त्यांची टोके झिजून बारीक पूड होते. बगळा डोके-मान त्या पिसांवर घासून पूड अंगाला लावून घेतो. माशांचा बुळबुळीत चिकटा पुडीत शोषला गेला की मग मधल्या बोटाच्या नखाने तो विंचरून काढतो. त्या नखाला खरोखर फणीसारखे दाते असतात. पारव्याच्या अंगावरही अशीच पूड असते. बंद काचेवर पारवा आदळून उडून जातो आणि मागे पंखांसकट त्याचा पांढुरका ठसा राहतो, तो याच पुडीचा.

एकदा सकाळी सूर्य बगळ्याच्या मागे होता आणि मी पाण्याच्या अलीकडे गवतात पालथा पडलो होतो. तासभर तो एका पायावर उभा होता. मग त्याने सबंध अंग झाडले, आणि त्याच्याभोवती क्षणभर पुडीचा धूर उठला. चक्कीवरचा माणूस अंगावरचे पीठ झटकतो तसा. सात फ्रेम मिळाल्या, त्यांतली एक नीट आली. ती फ्रेम मी एका नियतकालिकाला पाठवली. छापून आली तेव्हा धूर नाहीसा झाला होता. कोणीतरी रंग ‘उठावदार’ केला होता. पुडीमुळे पाठीवर जी मऊ, मंद झाक असते ती जाऊन पाठ चकचकीत निळी झाली होती, आणि खाली ओळ होती ‘निळा बगळा’. आता ‘मोठा निळा बगळा’ म्हणून एक वेगळी जात खरोखर आहे, उत्तर आणि मध्य अमेरिकेतली. म्हणजे संगणकावरच्या एका सरकपट्टीच्या ओढीने माझा बगळा दुसऱ्या खंडात गेला. मला त्याचे फार वाईट वाटले होते, आणि आपल्या पानावरचा बगळा पाहून तेच पुन्हा वाटले.

आता मुंगूस. मुंगसाचे चांगले जवळचे छायाचित्र मोठे करून बघा. त्यात राखाडी केस सापडणारच नाही. एकेका केसावर आळीपाळीने गडद आणि फिकट पट्टे असतात. दूरून बघताना डोळा ते पट्टे एकत्र करतो आणि करडे मुंगूस दिसते. मी आयुष्यभर हेच काम केले! काळे ठिपके आणि पांढरा कागद जवळजवळ ठेवायचे आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याकडून राखाडी करून घ्यायचा, यालाच आम्ही हाफटोन म्हणायचो. मुंगसाच्या अंगावर तो आधीपासून आहे. लांडग्याच्या पाठीवरही केसांची अशीच पट्टेदार घडण असते. हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी बराच वेळ संगणकासमोरून उठलो नव्हतो.

म्हणूनच मुंगसाच्या चित्रावर शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणे, चढवले की ते बिघडते. पट्ट्यांमधला फरक वाढतो, केस तारेसारखे ताठ दिसतात आणि करडेपणा संपतो. उलट नॉइज, म्हणजे चित्रातले नको असलेले दाणे, घालवण्याच्या नादात चित्र गुळगुळीत केले तर पट्टे पुसले जाऊन मातीचे खेळणे उरते. आपल्याकडे छापलेल्या मुंगसावर या दोन्ही गोष्टी झाल्यासारखे दिसते, आणि वर मॅजेंटाही चढली आहे.

हत्तीचे वेगळेच. तिथे केस जवळजवळ नाहीत, राखाडी आहे ती कातडीच. पण हत्ती चिखल आणि धूळ अंगावर घेतो, त्यामुळे तांबड्या मातीतला हत्ती तांबडा असतो. तिथे तांबडा छापणे बरोबरच. मी सगळे राखाडी करा म्हणत नाही. समोर जे होते ते ठेवा, एवढेच म्हणतो.

छायाचित्र काढणाऱ्या माझ्या मित्रांच्या तोंडी हल्ली सरसकट ‘ग्रे’ असतो. आपल्या भाषेत यासाठी किती शब्द आहेत, आणि प्रत्येकाची छटा निराळी. राखाडी आणि राखी चुलीतून आले. पारवा या पक्ष्याचे नावच रंगाला मिळाले, आणि त्यात निळसर झाक गृहीत आहे. करडा म्हणताना मला थोडा कोरडा, खरखरीत रंग दिसतो, मुंगसाच्या केसांसारखा. धुरकट, भुरकट, मळकट, ढगाळ हे आणखी वेगळे. राखी बगळ्याचे शास्त्रीय नाव अर्डिया सिनेरिया. त्यातले सिनेरियाही राखेवरूनच आलेले, लॅटिनमधल्या राखेवरून. करड्या धोब्याच्या नावातही तेच सिनेरिया आहे, आणि गंमत म्हणजे त्या पक्ष्याचे पोट पिवळेधमक असते. नाव ठेवणाऱ्याने पिवळ्या पोटापेक्षा राखेच्या रंगाच्या पाठीला मान दिला, हे मला फार आवडते. आपल्या पानावर चित्रांखालच्या ओळींत हे शब्द यावेत.

एवढ्या बारीकसारीक छटांनी काय बिघडते, असे पुरवणीच्या विभागात कोणी म्हणेल. पुष्कळ बिघडते. प्रौढ राखी बगळ्याचे डोके-मान पांढरी आणि डोळ्यावरून मागे जाणारा काळा पट्टा असतो. कोवळ्या बगळ्याची मान आणि माथा राखाडी असतो. चित्रात मान उजळवून पांढरी केली की त्याचे वयच बदलले. माळरानावर जमिनीलगत तरंगत शिकार शोधणारे भोवत्या पक्षी, म्हणजे हॅरियर, यांचे बघा. माद्या तपकिरी, पिल्लेही तपकिरी. यांतल्या बऱ्याच जातींत नर मोठा झाला की राखाडी होतो. इंग्रजी बोलणारे पक्षीनिरीक्षक त्याला राखाडी भूत म्हणतात, कारण तो गवतावरून आवाज न करता येतो आणि दिसला म्हणेपर्यंत नाहीसा होतो. यांतल्या एका जातीचा नर इतका फिकट की पांढरट वाटावा, पंखांच्या टोकाला फक्त काळी पाचर. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर त्याहून गडद, आणि पंखावर आडवी काळी रेघ. दूरवरून उडत गेलेला पक्षी ओळखायचा तर फिका राखाडी की गडद राखाडी, यावर बरेच अडते. चित्रातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिकट-गडदातला फरक, ओढला की फिकटाचा गडद होतो आणि नोंद चुकते.

युरोपात टॉनी नावाचे घुबड आहे, त्याचे दोन रंग असतात, राखाडी आणि तपकिरी, आणि ते आनुवंशिक असतात. फिनलंडमधल्या अनेक वर्षांच्या नोंदींवरचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बर्फाळ, कडक हिवाळ्यांत तपकिरी घुबडे जास्त मरत आणि राखाडी टिकत. हिवाळे सौम्य होत गेले तसे तपकिरींचे प्रमाण वाढले. हवामान बदलाची खूण एका घुबडाच्या राखाडीपणात वाचता आली, आणि ती वाचता आली कारण रंग प्रामाणिकपणे नोंदला गेला होता. राखाडी देवमाशाच्या अंगावर बार्नेकल नावाचे कवचधारी लहान समुद्री जीव चिकटतात, त्यांचे व्रण आणि जन्मजात पांढुरके डाग मिळून प्रत्येकाचा नकाशा वेगळा असतो. छायाचित्रांवरून अभ्यासक एकेक मासा ओळखतात. राखाडी सीललाही अंगावरच्या नक्षीवरून ओळखतात. ज्यांच्या अंगावर भडक काही नाही, त्यांची ओळख अशा हलक्या फरकांवर असते, आणि आपण घाईत सर्वांत आधी तेच पुसतो.

आता छायाचित्र पाठवणाऱ्यांसाठी दोन शब्द. शक्य असल्यास हा भाग जरूर छापावा.

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे सगळे जग मधल्या राखाडी उजेडाचे आहे असे धरून चालतो. बगळ्याची पाठ चौकटभर असेल तर त्याचा हिशेब बहुधा बरोबर येतो. काळ्या कोतवालाला आणि पांढऱ्या बगळ्याला मात्र हाच हिशेब फसवतो. पण चौकटीत राखी बगळा लहान आणि मागे काळे पाणी असेल, तर कॅमेरा पाण्याला राखाडी करायला जातो, प्रकाश वाढवतो आणि पक्ष्याची पांढरी मान जळून जाते. अशा वेळी मी एक ते दीड स्टॉप कमी करतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा, एक वाढवला म्हणजे दुप्पट). मागे उजळ धुके असले तर उलटे, एक स्टॉप वाढवतो, नाहीतर नुसती काळी आकृती मिळते. ढगाळ दिवस हा राखाडी जिवांसाठी सर्वांत चांगला. दुपारच्या उन्हात पिसांवरची पूड फटफटीत चमकते आणि सगळे बारकावे जातात.

धुक्यात राखाडीवर राखाडी असे दृश्य असले की लेन्स फोकस शोधत पुढे-मागे करत राहते, कारण तिला पकडायला फरकच मिळत नाही. तिला फरक दाखवावा लागतो. बगळ्याचा काळा पट्टा जिथे पांढऱ्या गालाला भिडतो ती कड, किंवा त्याचा पिवळा डोळा. मुंगसाचा तांबूस डोळा आणि काळसर नाक. मी आधी डोळा धरतो, मग चौकट हलवतो.

आणि पांढऱ्याचा तोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स. पहाटेच्या सावलीत उजेड निळा असतो, कोवळ्या उन्हात पिवळा. राखाडी अंगाचा स्वतःचा रंग इतका मंद की ते उजेडाचा रंग पटकन घेते. मी बसल्या जागी सुरुवातीलाच १८ टक्के प्रकाश परतवणाऱ्या करड्या कार्डाचा एक फोटो काढतो, उजेड बदलला की पुन्हा एक, आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने फेरफार न केलेली मूळ नोंद, ठेवतो. पुष्कळ जण कार्डाऐवजी संगणकावर बगळ्याच्या पाठीवर टिचकी मारून ‘हा राखाडी धर’ असे सांगतात. ते करू नये. बगळ्याची पाठ मुळात पारवी आहे, किंचित निळसर. तिला तटस्थ धरले की संगणक तेवढा निळा सगळ्या चित्रातून काढतो आणि पाणी, गवत, आकाश सगळे पिवळट होते. मुंगसावर टिचकी मारली तर उलट, सगळे निळे.

राखाडी प्राणी दिसत नाहीत म्हणून माणसे फार जवळ जातात, हेही लिहिले पाहिजे. आपल्याला तो दिसण्याच्या कितीतरी आधी आपण त्याला दिसलेले असतो. बगळ्याने मान सरळ उभी ताणली, अंग बारीक केले आणि मासे बघणे सोडले, की तो आपल्यावर लक्ष ठेवून आहे. मी तिथेच थांबतो, तो पुन्हा पाण्याकडे वळेपर्यंत हलत नाही, आणि वळला नाही तर मागे सरकतो. घरट्यापाशी आणि लांडग्याच्या बिळापाशी कॅमेरा नेऊच नये. उत्तर अमेरिकेत मोठ्या राखाडी घुबडाला चित्रासाठी जिवंत उंदीर टाकण्याचा प्रकार चालतो, त्याची तिथे तीव्र निंदा होते. तो आपण कोणीही उचलू नये.

आपल्या छपाई विभागाला एक विनंती आहे, जुना सहकारी म्हणून. राखाडी जीव असलेल्या चित्रात राखाडीचा भार तीन रंगीत शायांवर न टाकता जास्तीत जास्त काळ्या शाईवर द्यावा. चित्राचे रंग चार शायांत वेगळे करतानाच ती सोय असते, आपल्या विभागाला ती नक्की माहीत असणार. मग मशीनवर मॅजेंटा थोडी हलली तरी बगळा गुलाबी होत नाही. चित्र निवडणाऱ्या मंडळींनी फाइल हाती आल्यावर सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या भडकपणाला, हात लावू नये, आणि पाठवणाऱ्याने लावला असेल तर मूळ चित्र मागवावे. आणि एखादा रविवार पूर्ण राखाडी जिवांना द्यावा. पारवा, होला, सातभाई, राखी वटवट्या, करडा धोबी, मुंगूस, लांडगा, हत्ती. वाचक रोज ज्यांच्याकडे न बघता पुढे जातात, त्यांतले निम्मे त्या पानावर येतील.

पत्रासोबत बगळ्याचे ते पुडीच्या धुराचे छायाचित्र पाठवत आहे. रॉ फाइलही जोडली आहे. चित्राच्या खाली मी एक अरुंद पट्टी ठेवली आहे, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा पायऱ्यांची. छापायचे ठरले तर पट्टी कापू नये, चित्रासोबतच छापावी. मशीनवर पहिली प्रत निघेल तेव्हा मशीनमननी बगळ्याकडे न बघता आधी त्या पट्टीची पाचवी पायरी बघावी. तिच्यात निळा, गुलाबी, हिरवा कोणताच रंग दिसला नाही, की मशीन चालू ठेवायला हरकत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त छपाई कामगार आणि नियमित वाचक